एकट्याने डोंगरात जाण्यापूर्वी घरी ठेवायची चिठ्ठी

२६ एप्रिल २००३. अमेरिकेच्या युटा राज्यातील ब्लूजॉन कॅन्यन या अरुंद घळीतून ॲरन राल्स्टन नावाचा २७ वर्षांचा गिर्यारोहक एकटाच उतरत होता. उतरताना वरचा एक मोठा दगड निसटला आणि त्याचा उजवा हात दगड व घळीची भिंत यांच्यामध्ये अडकला. दगडाचे वजन साडेतीनशे किलोच्या आसपास. राल्स्टनजवळ थोडे पाणी होते, किरकोळ खाणे होते, दोर होता आणि एक बोथट पात्याचा चाकू होता. पुढचे पाच दिवस तो तिथेच उभा होता. अखेर त्याने अडकलेल्या हाताची हाडे स्वतःच मोडली, त्या बोथट पात्याने हात कापला, एका हाताने दोरावरून वीस मीटरचा कडा उतरला आणि चालत निघाला. वाटेत भेटलेल्या एका कुटुंबाने त्याला मदत केली आणि त्याला शोधणारे हेलिकॉप्टरही तिथे पोहोचले.

या प्रसंगावर २०१० मध्ये डॅनी बॉईल यांनी ‘१२७ अवर्स’ हा चित्रपट केला. त्याला ए. आर. रहमान यांचे संगीत असल्याने आपल्याकडेही तो बऱ्याच जणांनी पाहिला. चित्रपट पाहून लक्षात राहते ते राल्स्टनचे धैर्य. आपत्कालीन तयारीच्या दृष्टीने मात्र त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. आपण कुठे चाललो आहोत, हे त्याने कोणालाही सांगितले नव्हते. तो अनुभवी होता, तंदुरुस्त होता, त्याच्याजवळ दोर आणि साहित्य होते. नव्हती ती फक्त घरी ठेवलेली चार ओळींची चिठ्ठी. ती असती, तर तो परतला नाही हे लक्षात येताच शोध नेमक्या त्या घळीकडे गेला असता.

पावसाळा सुरू झाला की सह्याद्रीच्या वाटा गजबजतात. गटाने जाणारे पुष्कळ असतात, तसेच पाठीवर सॅक टाकून एकटे निघणारेही वाढत आहेत. एकटे भटकण्यात आनंद आहे, यात शंका नाही. पण एकट्याच्या संकटाचे गणित वेगळे असते. गटात एकाचा पाय मुरगळला तर ती गैरसोय असते. एकट्याचा मुरगळला तर त्याची रात्र डोंगरावर जाऊ शकते. म्हणूनच एकट्याची तयारी दुप्पट हवी, आणि तिचा मोठा भाग घरीच व्हायला हवा.

शरीर आधी कशाला हार मानते?

जगभरच्या प्रशिक्षणांत एक ढोबळ नियम शिकवला जातो. माणूस हवेवाचून सुमारे तीन मिनिटे, अतिथंड किंवा अतिउष्ण हवामानात निवाऱ्यावाचून तीन तास, पाण्यावाचून तीन दिवस आणि अन्नावाचून तीन आठवडे तग धरू शकतो. हे आकडे काटेकोर नाहीत, पण त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. डोंगरात अडकलेला माणूस पहिल्यांदा खाण्याची काळजी करतो, प्रत्यक्षात भूक ही यादीतली शेवटची शत्रू आहे. अनोळखी कंद, फळे किंवा आळंबी खाऊन पाहण्याची गरज एका-दोन रात्रींच्या संकटात पडतच नाही. उलट त्यातून विषबाधा, उलट्या आणि जुलाब होऊन शरीरातले उरलेले पाणीही जाते.

सह्याद्रीत बर्फ पडत नाही, त्यामुळे थंडीने जीव धोक्यात येईल असे कोणाला वाटत नाही. पण शरीराचे आतले तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की वैद्यकशास्त्र त्याला हायपोथर्मिया म्हणते आणि त्यासाठी शून्याखालचे हवामान लागत नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. भिजलेला सुती टी-शर्ट, वर घाटमाथ्यावरचा वारा, दमलेले आणि रिकाम्या पोटी असलेले शरीर एवढे एकत्र आले की पंधरा-सतरा अंशांतही ताप मोजायच्या काट्याची दिशा उलटी होते. आधी थरथर सुरू होते. मग बोटे नीट वळत नाहीत, बुटाची नाडी बांधता येत नाही, बोलणे अडखळते, पाय चुकीचा पडतो. पुढे थरथर थांबते. हे बरे वाटण्याचे लक्षण नव्हे, तर शरीराने उष्णता तयार करण्याचा प्रयत्न सोडल्याचे लक्षण आहे.

उन्हाळ्यात हीच कथा दुसऱ्या टोकाला घडते. एप्रिल-मे महिन्यांत काळ्या कातळाच्या उघड्या धारेवर चढताना तासाला लिटरभर किंवा त्याहून अधिक घाम जाऊ शकतो. शरीरातले पाणी वजनाच्या दोन टक्क्यांनी घटले तरी दम आणि एकाग्रता दोन्हींवर परिणाम दिसू लागतो. डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे येणे ही पहिली सूचना. आतले तापमान ४० अंशांच्या वर गेले आणि माणूस बरळू लागला, तर तो उष्माघात. तिथे मिनिटे मोजावी लागतात. सावली, अंगावर पाणी आणि वारा हाच त्यावरचा पहिला उपचार.

या दोन्ही टोकांत एक साम्य आहे आणि एकट्या भटक्यासाठी तेच सर्वांत धोक्याचे. थंडी असो वा ऊन, शरीराआधी निर्णयशक्ती घसरते. सोबत कोणी असेल तर तो म्हणतो, ‘अरे, तू नीट बोलत नाहीयेस, बस जरा.’ एकट्याला हे सांगणारे कोणी नसते. आपली बुद्धी मंदावली आहे हे त्याच बुद्धीने ओळखायचे असते. म्हणून काही निर्णय घरी, शांत डोक्याने, आधीच घेऊन ठेवावे लागतात. थरथर सुरू झाली की चढ थांबवून कोरडे कपडे घालायचे. पाणी निम्मे संपले की मागे वळायचे. शिखर आलेले असो वा नसो, दुपारी ठरलेल्या वेळी परतीला लागायचे. त्या क्षणी विचार करायचा नाही, ठरलेले पाळायचे.

सॅकमध्ये काय असावे

टीव्हीवरच्या साहसी कार्यक्रमांमुळे जंगलात टिकाव धरणे म्हणजे मोठा सुरा आणि दोन काटक्या घासून पेटवलेला जाळ, असा समज झाला आहे. सह्याद्रीच्या जुलैमध्ये ओल्या काटक्यांचा जाळ पेटत नाही, आणि मार्चमध्ये पेटलेला जाळ वणवा होतो. शिवाय अनेक किल्ले अभयारण्यांच्या हद्दीत आहेत, तिथे आग लावणे हा गुन्हा आहे. इथे ऊब मिळवण्यापेक्षा असलेली ऊब राखणे शहाणपणाचे.

त्यासाठी लागणाऱ्या वस्तू साध्या आणि स्वस्त आहेत. कपड्यांचा एक पूर्ण कोरडा जोड, घट्ट बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. कानटोपी. वारा अडवणारा रेनकोट. कचऱ्यासाठी मिळणाऱ्या जाड, मोठ्या दोन पिशव्या. एकीला डोक्यापुरते भोक पाडून ती अंगात घालता येते, दुसरीत पाला भरून तिची बैठक करता येते. सोबत चंदेरी आपत्कालीन चादर. १९६०च्या दशकात अमेरिकी अंतराळ कार्यक्रमातून पुढे आलेले हे तंत्र. प्लॅस्टिकच्या अतिशय पातळ पडद्यावर धातूचा मुलामा दिलेला असतो आणि तो अंगातून बाहेर पडणारी उष्णता परत अंगाकडे परावर्तित करतो. मात्र ही चादर जमिनीतून जाणारी उष्णता थांबवत नाही. त्यामुळे थंड कातळावर थेट न बसता खाली सॅक, दोर, सुके गवत असे काहीतरी हवेच.

उजेडासाठी डोक्याला बांधायची विजेरी आणि तिच्या जादा बॅटऱ्या. मोबाइलची विजेरी हा पर्याय नव्हे. ती एक हात अडकवते आणि मदत मागण्यासाठी राखून ठेवायची बॅटरी खाते. एक शिट्टी, तीही सॅकच्या तळाशी न ठेवता गळ्यात किंवा सॅकच्या पट्ट्याला. ओरडून घसा अर्ध्या तासात बसतो, शिट्टी रात्रभर वाजवता येते आणि तिचा आवाज दरीत माणसाच्या आवाजापेक्षा दूर जातो. आल्प्स पर्वतात रूढ झालेली खूण सोपी आहे: एका मिनिटात सहा वेळा शिट्टी किंवा उजेड, मग एक मिनिट थांबायचे, पुन्हा सहा वेळा. मिनिटाला तीन शिट्ट्या ऐकू आल्या, तर ते शोधणाऱ्यांचे उत्तर.

पाणी उन्हाळ्यात किमान तीन-चार लिटर. क्लोरीनच्या गोळ्या आणि ओआरएसची पाकिटे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण पाठ असावे, चमचा चहाचा. खाण्यात गूळ-शेंगदाणे, खजूर, चिक्की. ती भुकेसाठी कमी आणि शरीराला थरथरायला इंधन मिळावे म्हणून अधिक. क्रेप बँडेज, जंतुनाशक, गॉझ आणि स्वतःची रोजची औषधे एका दिवसाची जास्त. एक छोटा चाकू, लायटर, आठ-दहा मीटर दोरी, भडक केशरी कापडाचा तुकडा आणि छोटा आरसा. उन्हात आरशाची तिरीप खूप लांबून दिसते.

मोबाइल चालू लागताच विमान मोडवर टाकावा. रेंज नसलेल्या दरीत फोन सतत टॉवर शोधत राहतो आणि त्यातच त्याची बॅटरी संपते. नकाशा आधीच उतरवून घ्यावा. संकटात ११२ हा क्रमांक लावावा. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या उपलब्ध नेटवर्कवरून तो लागू शकतो. बोलणे होत नसेल तिथे कधी कधी साधा एसएमएस निघून जातो, म्हणून आपली जागा आणि अवस्था दोन ओळींत लिहून पाठवावी. परदेशी भटके वापरतात ती उपग्रहावर चालणारी संदेशयंत्रे मात्र ऑनलाइन दिसली म्हणून मागवू नयेत. भारतात सरकारी परवानगीशिवाय अशी साधने बाळगणे बेकायदा आहे आणि त्यावरून विमानतळावर प्रवाशांना ताब्यात घेतल्याच्या घटना घडल्या आहेत.

वाट चुकल्यावर पाय का दगा देतात?

‘चकवा लागला’ असे गावाकडे म्हणतात. माणूस तासन्‌तास चालतो आणि पुन्हा त्याच झाडापाशी येतो. २००९ मध्ये जर्मनीतील माक्स प्लांक संस्थेतील यान साउमन आणि सहकाऱ्यांनी याची शास्त्रीय तपासणी प्रसिद्ध केली. त्यांनी स्वयंसेवकांना जर्मनीतील घनदाट जंगलात आणि ट्युनिशियातील सहारा वाळवंटात सरळ रेषेत चालायला सांगितले आणि जीपीएसने त्यांच्या वाटा टिपल्या. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसे बऱ्यापैकी सरळ गेली. आकाश ढगाळ झाले, की ती गोल फिरू लागली आणि आपलीच वाट पुन्हा ओलांडूनही त्यांना ते कळले नाही. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्यांपैकी काही जण तर अवघ्या वीस मीटर व्यासाच्या वर्तुळात फिरले. एक पाय आखूड असतो म्हणून असे होते, ही जुनी समजूत या प्रयोगात टिकली नाही. ‘सरळ म्हणजे कुठे’ हा मेंदूचा अंदाज बाहेरच्या खुणेशिवाय हळूहळू ढळत जातो, असा निष्कर्ष निघाला.

जुलै-ऑगस्टच्या धुक्यात सह्याद्रीच्या पठारावर नेमकी हीच स्थिती असते. ना सूर्य, ना समोरचा सुळका. त्यात गुरांनी पाडलेल्या ढोरवाटा खऱ्या वाटेसारख्याच दिसतात आणि झुडपात जाऊन संपतात. वाट चुकल्याची शंका आली की माणूस वेग वाढवतो, आणि चूक तेवढ्याच वेगाने वाढते. त्यासाठी शिकवला जाणारा क्रम चार शब्दांचा आहे: थांबा, विचार करा, पाहा, ठरवा. आधी बसायचे. पाणी प्यायचे. शेवटची ओळखीची खूण कुठे होती ते आठवायचे. तिथवर जाण्याची खात्रीची वाट असेल तर परतायचे, नसेल तर तिथेच निवारा करायचा. अंधारात हालचाल करायची नाही. हरवलेला माणूस एका जागी असेल तर शोधणे खूप सोपे होते.

इथे दुसऱ्या देशातला सल्ला आंधळेपणाने उचलण्याचा धोकाही लक्षात घ्यायला हवा. २४ डिसेंबर १९७१ रोजी पेरूच्या आकाशात वीज पडून एक प्रवासी विमान फुटले. १७ वर्षांची युलियाने कोपके आसनाला बांधलेल्या अवस्थेत सुमारे तीन किलोमीटर उंचीवरून ॲमेझॉनच्या जंगलात पडली आणि वाचली. गळ्याचे हाड मोडलेले, जवळ थोड्या गोळ्या-मिठाई. तिचे आईवडील जीवशास्त्रज्ञ होते. ओढा सापडला की त्याच्या कडेने खाली जावे, तो नदीला मिळतो आणि नदीकाठी माणसे असतात, हे वडिलांनी तिला शिकवले होते. ती ओढ्याच्या कडेने चालत राहिली आणि ११ दिवसांनी माणसांपर्यंत पोहोचली.

ॲमेझॉनच्या सपाट जंगलात हे ज्ञान जीव वाचवणारे ठरले. सह्याद्रीच्या कोकणाकडच्या अंगाला तेच जीवघेणे ठरू शकते. इथले ओढे शेकडो फुटांच्या कड्यावरून थेट खाली झेपावतात. ओढ्याने उतरत गेलेला माणूस अशा जागी येतो जिथून खाली जाता येत नाही आणि शेवाळलेल्या कातळावरून वरही चढता येत नाही. युलियानेला तारले ते एखाद्या ठोक नियमाने नव्हे. ज्या भूमीत ती होती, त्या भूमीची तिला ओळख होती. एकट्याने जाण्याआधी त्या विशिष्ट डोंगराची माहिती घेणे, पहिल्यांदा जाणकारासोबत किंवा स्थानिक वाटाड्यासोबत जाऊन येणे हाही तयारीचाच भाग आहे.

मनाची तालीम

संकटाच्या पहिल्या क्षणांत बहुतेक माणसे ना पळत सुटतात, ना शौर्य गाजवतात. ती गोठून जातात. आपत्तीतल्या वर्तनाचा दीर्घकाळ अभ्यास करणारे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जॉन लीच यांच्या मांडणीनुसार, शांत राहून योग्य कृती करणारे दहा ते पंधरा टक्केच असतात. सुमारे तीन चतुर्थांश माणसे सुन्न होतात आणि उरलेली काहीतरी घातक करून बसतात. याला भित्रेपणा म्हणणे चूक आहे. तीव्र ताणात विचार जुळवण्याची मेंदूची क्षमता आक्रसते. नवा उपाय शोधणे जमत नाही, सवयीचे तेवढे हातून घडते.

याचा अर्थ सरळ आहे. जे संकटात करायचे, ते आधी सवयीचे करून ठेवावे. अंधारात विजेरी न लावता सॅकमधून शिट्टी काढून पाहावी. चंदेरी चादर एकदा तरी उलगडून, अंगाभोवती गुंडाळून पाहावी. माहितीच्या सुरक्षित जागी, सोबत्यांसह, तंबूशिवाय एक रात्र काढावी. पहाटे तीनची थंडी आणि पानांचा आवाज एकदा अनुभवलेला असला, की दुसऱ्यांदा तो तेवढा भेडसावत नाही.

प्रत्यक्ष प्रसंगी पहिला उपाय श्वासाचा. सावकाश श्वास घ्यावा आणि त्याहून सावकाश सोडावा. लांब उच्छ्वासाने हृदयाची गती उतरते आणि हात थरथरणे कमी होते. मग स्वतःला छोटी कामे द्यावीत: पाणी मोजणे, बसायला जागा करणे, दर तासाला शिट्टीच्या फेऱ्या देणे. ‘इथून सुटू का?’ या प्रश्नाला रात्री उत्तर नसते. ‘पुढचा तास काय करू?’ याला असते.

सर्पदंशासारख्या प्रसंगात तर शांतपणा हाच प्रथमोपचार. जखम चिरणे, तोंडाने विष ओढणे, दोरीने घट्ट आवळणे या तिन्ही गोष्टी अपाय करतात. अंगठी, घड्याळ काढावे, दंश झालेला अवयव शक्य तितका न हलवता मदत मागवावी आणि लवकरात लवकर रुग्णालय गाठावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषारी सापांवर चालणारी प्रतिविषाची लस आपल्याकडे उपलब्ध आहे. दुसरा कोणताही उतारा तिची जागा घेत नाही.

चार ओळी

फेब्रुवारी २०२२ मध्ये केरळच्या पालक्काड जिल्ह्यात मलमपुळाजवळच्या डोंगरात २३ वर्षांचा एक तरुण कड्यातल्या कपारीत अडकला. तो कुठे आहे हे लोकांना ठाऊक होते. तरीही हेलिकॉप्टरला त्याच्यापर्यंत पोहोचता आले नाही आणि लष्कराच्या जवानांनी दोरावरून त्याला वर आणेपर्यंत चाळीसहून अधिक तास गेले. नेमकी जागा माहीत असताना एवढा वेळ लागतो, तर माहीत नसताना काय होईल, याचा अंदाज कोणालाही करता यावा. महाराष्ट्रातही लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे गिर्यारोहक आपली कामे सोडून, रात्री-अपरात्री, पावसात कडे उतरून अनोळखी माणसांना शोधतात. त्यांना डोंगराचे नाव, वाट आणि वेळ एवढे जरी मिळाले तरी त्यांचे काम निम्म्यावर येते.

म्हणून निघण्याआधी घरी चार ओळी लिहून ठेवाव्यात. कोणता डोंगर आणि पायथ्याचे गाव कोणते. कोणत्या वाटेने चढणार आणि कोणत्या वाटेने उतरणार. गाडीचा क्रमांक आणि ती कुठे लावली असेल. किती वाजता फोन येईल आणि किती वाजेपर्यंत नाही आला, तर कोणाला कळवायचे. आयत्या वेळी वाट बदलली, तर रेंज असताना तसा निरोप पाठवावा. नाहीतर चिठ्ठीच दिशाभूल करते.

दुसरा निरोप पायथ्याशी ठेवायचा. बहुतेक गडांच्या वाटेवर वस्तीतले एक शेवटचे घर असते. तिथे पाणी भरून घ्यावे आणि सांगावे, ‘मावशी, वर चाललोय. सहापर्यंत खाली नाही दिसलो, तर पोरांना सांगा.’ वरची वाट कुठे ढासळली आहे, कोणत्या कपारीत आग्या मोहोळ बसले आहे, आज वर जाणे बरे की नाही, हे त्या घरात कोणत्याही ॲपपेक्षा आधी कळते.

आणि संध्याकाळी उतरल्यावर त्या ओट्यावर पुन्हा दोन मिनिटे थांबावे, घरी फोन करावा. नाहीतर सुखरूप परतलेल्या माणसाला शोधायला वाडीतली चार पोरे विजेऱ्या घेऊन अंधारात वर निघायची.